अकराचं पायपुसणं

ओन्नी, हे पायपुसणं अकराला बदलायचं, मग पुन्हा तीनला.
मार्चमध्ये केमीतला बर्फ दुपारी विरघळतो
आणि बुटांच्या तळव्यांना चिकटून आत येतो,
सोबत रस्त्यावर टाकलेली बारीक खडी.
पाणी दिसतं. खडी दिसत नाही.
तुझ्या नावाचा अर्थ नशीब,
पण फरशीला नावं वाचता येत नाहीत.

पिवळी पाटी ओल्या जागेपाशी ठेव
आणि फरशी वाळली की उचल.
बारा महिने उभी असलेली पाटी
घरजावयासारखी, तिला कोणी विचारत नाही.

खोकं कापताना पातं अंगापासून लांब.
काचेच्या बरण्या खालच्या फळीवर,
वरती कागदी रुमाल; पडले तरी डोकं फुटत नाही.
ढकलगाडीत उभं राहिलेलं पोर दिसलं
तर त्याच्या आईला काही शिकवू नको.
गाडीचा दांडा धर आणि थंडीबद्दल बोल.
तिचं तिलाच कळतं.

बोट कापलं तर दाबून धर, हात वर.
सारखं उघडून बघू नको,
जखम म्हणजे चुलीवरची लापशी नव्हे.
आत काच असेल तर ती उपटायची नाही,
कितीही मोह झाला तरी.
मला झाला होता. हा बघ व्रण.

आता हे दुधाचं कपाट.
इथे, बरोबर इथे, तौनो पडला.
कागद कारखान्यातून निवृत्त झालेला,
दर मंगळवारी दुधाचे दोन पुडे आणि राईचा पाव.
कोणीतरी लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी फोडून
गुपचूप निघून गेलं होतं.
मी फडकं आणायला गेले होते.
चाळीस पावलं जायला, चाळीस यायला.
फडक्यासाठी दुसऱ्याला हाक मारायची असते,
आपण सांडलेल्या जागेपाशी उभं राहायचं,
मूर्खासारखं, हात पसरून.
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पडलेल्या माणसाची हाडं नंतर उठतात,
लाज आधी उठते.
तो कोपरावर रेटा देत होता,
काही नाही, काही नाही, म्हणत.
मी म्हटलं, पडून राहा.
दोन्ही तळव्यांत डोकं धरलं, हलू दिलं नाही.
कानामागे ओलं लागलं;
मुरंबा की दुसरं काही, मी वास घेऊन पाहिला.
आज वार कोणता, विचारलं.
पगाराचा, म्हणाला.
कारखाना बंद होऊन वर्षं लोटली होती.

मग पेटीतला पांढरा टॉवेल,
मग एकशेबाराला फोन, मग वीस मिनिटं.
वीस मिनिटं त्याला एकच काळजी,
पुडा फुटला, त्याचे पैसे कोण देणार.
माझे गुडघे दुधात होते.
लोक वळसा घालून दही घेत होते
आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही.

अपघातवहीत चार रकाने आहेत.
कारणाच्या रकान्यात मी आधी "बरणी" लिहिलं,
मग ते खोडून "चाळीस पावलं".
सेप्पो मॅनेजर म्हणाला, हे काय लिहिलंय?
मी म्हटलं, राहू दे.
अजून आहे, जाऊन बघ कधीतरी.

मे महिन्यात हेल्वी आली, त्याची बायको.
टॉवेल धुऊन, इस्त्री करून, चार घड्या घालून.
डाग गेला नाही, म्हणाली, मिठात भिजवून पाहिला.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
तिनं दुधाचा एक पुडा घेतला.
दुसऱ्यावर हात ठेवला, जरा वेळ,
आणि कपाटाचं दार लावलं,
हळू, बोटं सांभाळून.

तो टॉवेल माझ्या कपाटात आहे.
पेटीत नवा ठेवलाय.
पेटी कुठे असते, सांग बघू?
मागे वळून पाहू नको. सांग.

हं.
अकरा वाजले. ते टोक धर.
कंबरेतून वाकू नको, गुडघ्यातून.